मामा, कॉटर पिन कामाला आली

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या सायकलवाल्या मामांना,

स.न.वि.वि.

मामा, दुकानात येऊन आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. "सरक बाजूला, उजेड अडतोय," म्हणालात. दुसऱ्यांदा "गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू," म्हणून वाटेला लावलंत. म्हणून आता चारचौघांत लिहितो. तुमची नात मोबाइलवरून वाचून दाखवेल. तेव्हा तरी मधेच उठून जाऊ नका.

2023 ची दिवाळी झाल्यावर मी माझी एकवीस गिअरची सायकल घेऊन तुमच्याकडं आलो होतो. हप्ते अजून फिटायचे होते. जानेवारीत नेपाळच्या तराईत सायकलनं फिरून पक्षी बघायचे, असं मी आणि निपाणीच्या माझ्या मेहुण्यानं ठरवलं होतं. तुम्ही विचारलंत, "कुठं जाऊलालास?" मी सांगितलं. "डोंगर चढणार?" नाही म्हटलं, तराई म्हणजे सपाट, आपल्या येळ्ळूरच्या शिवारासारखी. "मग एकवीस गिअर काय लोणचं घालायला?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. तुमच्यावर छाप पडावी म्हणून मी मोबाइलवर सारस क्रौंचाचा व्हिडिओ लावला. माणसाच्या उंचीचा पक्षी, लालभडक डोकं, शेतात नाचतोय. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात, दोनदा बघितलंत आणि म्हणालात, "मागं सायकलवरून गेला तो बघितलास काय? अठ्ठावीस इंची. रॉड ब्रेक. ही ट्यूब तिथं दर गावात मिळणार. तुझी मिळेल काय?"

पक्ष्यासाठी मी तो व्हिडिओ शंभरदा पाहिला असेन. मागची सायकल एकदाही दिसली नव्हती.

मग बाबांची सायकल निघाली. येळ्ळूरहून शहापुरात दूध घालायला बाबांनी ती किती वर्षं मारली असेल देव जाणे. ते गेल्यापासून गोठ्यात आढ्याला टांगली होती. तुम्ही ती उतरवलीत तेव्हा मडगार्डमधून चिमणीचं जुनं घरटं पडलं. चार दिवस तुम्ही तिचा सगळा सांगाडा मोकळा केला. कोनांतले छर्रे बदललेत, गंजलेले आरे काढून नवे ओवलेत, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना रिम ब्रेकच्या रबरासमोर फिरवून एक डोळा मिटून बघत बसलात. मेहुण्यासाठी माळ्यावरच्या भंगारातून दुसरी सायकल उभी केलीत. दोन्हींच्या सामानाचे 1,850 रुपये घेतलेत. मजुरी विचारली तर "परत आल्यावर बघू."

निघण्याआधी धुपदाळची परीक्षा घेतलीत तीही सांगायला हवी. "नेपाळ राहू दे, आधी घटप्रभेला जाऊन ये आणि गोकाकचा करदंट आण." करदंट, ती डिंकाची मिठाई, हे निमित्त आहे, असं मला वाटलं होतं. निमित्त नव्हतं, तुम्हाला खरंच करदंट हवा होता. पण त्या साठेक किलोमीटरांत कळलं की पेडल मारताना गुडघा बाहेर जातो आणि सीट दोन बोटं वर हवी. घटप्रभेवरच्या धुपदाळच्या बंधाऱ्यावर थंडीत करकोचे येतात, 1974 पासून तिथं पक्षी अभयारण्य आहे, आणि मी शाळेत असल्यापासून तिथं जातोय. मात्र दरवेळी एस.टी.नं. सायकलवरून पहिल्यांदाच गेलो, आणि ज्या खंड्याला मी बसस्टॉपवरून पाहायचो तो या वेळी हाताच्या अंतरावर तारेवर बसून राहिला.

प्रवासाचं थोडक्यात. गोवा एक्सप्रेसनं झाशी, तिथून गाडी बदलून गोरखपूर. सायकली ब्रेक व्हॅनमध्ये, तुम्ही शिवून दिलेल्या गोणपाटात. गोरखपूर ते सोनौली शंभरच्या आसपास किलोमीटर, ते दोन दिवसांत केले. सीमेवर मोटारसायकलवाले भन्सारच्या, म्हणजे जकातीच्या खिडकीशी रांगेत होते. आमच्याकडं कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मतदार ओळखपत्र खिशातच राहिलं. कोरोनाच्या दिवसांत मेहुण्याचा निपाणीहून कोल्हापूरला जाताना नाक्यावर जेवढा वेळ मोडला होता, त्याच्या पाव वेळात आम्ही परदेशात होतो. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं, शंभराच्या नोटेचे 160 नेपाळी रुपये झाले, एवढाच फरक. बारा दिवसांचा माणशी खर्च 9,600 रुपये आला, गाडीभाडं धरून. गिअरची सायकल नेऊन मधे कुठं अडकलो असतो तर एवढे टेम्पोलाच गेले असते.

आता सारस. लुंबिनीत मायादेवी मंदिर आणि अशोकाचा स्तंभ बघून आम्ही उत्तरेला शांतिस्तूपाकडं गेलो. त्याला लागूनच सारसांसाठी राखलेलं पाणथळ रान आहे. पण खरी मजा त्याच्या बाहेर, आजूबाजूच्या गावांच्या शेतात. तराईत जानेवारीत धुकं असं की दहा-साडेदहापर्यंत पुढच्या सायकलचं कॅरिअर दिसत नाही. धुकं उठलं तेव्हा बांधावर दोघं उभे. मोहरीचं पिवळं शेत, त्यामागं गहू आणि मधे ही करडी जोडी, डोकं आणि वरची मान रक्तासारखी लाल. तेवढ्यात एक जीप थांबली, मोठाल्या कॅमेऱ्यांची माणसं उतरली, आणि सारस शांतपणे चालत चालत लांब गेले. पळाले नाहीत, उडाले नाहीत. नकोसं माणूस दारात आल्यावर आपण आत जाऊन बसतो ना, तसे.

जीप गेल्यावर एक शेतकरी कॅरिअरला चाऱ्याचा भारा बांधून त्याच बांधावरून आला. सारसांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. आम्ही त्याच्या मागं लागलो. तीच काळी सायकल, तीच रॉड ब्रेकची खडखड. सारसांच्या लेखी आम्हीही चारा न्यायलाच निघालेले. तीसेक पावलांवर आलो आणि मी दुर्बीण काढायला पाय टेकला, तोच दोघांच्या माना वर. चालती सायकल त्यांना चालते, थांबलेली चालत नाही.

मग मेहुण्यानं युक्ती काढली. त्यानं सायकल उलटी केली, सीट-हँडलवर उभी, आणि पंक्चर काढायला बसल्यासारखा बसला. मीही बसलो. पाच मिनिटांत सारसांच्या माना खाली गेल्या. मामा, तुम्ही ओवलेल्या त्या आऱ्यांमधून दुर्बीण लावून मी आयुष्यातला पहिला सारस नीट बघितला. नरानं चोच आभाळाकडं केली, पंख अर्धे उचलले आणि लांब हाक दिली. त्याच्या एका हाकेला मादीच्या दोन, आखूड, तालात. पखवाज छातीवर ठेवून वाजवावा तसा आवाज. मेहुण्याच्या हातातलं पार्ले चहाच्या झाकणात विरघळून गेलं, त्याला कळलंही नाही.

आपल्याकडं हा पक्षी नाही. महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याकडं थोडे उरलेत, एवढंच. भातशेतीत पाणी साचलेलं राहिलं तर तो घरटं करतो, पाण्यातच, गवताचा ढीग रचून. झाडावर बसत नाही. शेतकऱ्यानं हाकललं तर त्याला दुसरी जागा नाही. विजेच्या तारांना धडकूनही मरतात. त्या गावात मी एकाला विचारलं, पिकाचं नुकसान करतो ना? तो म्हणाला, करतो, मग काय. येळ्ळूरच्या बासमतीच्या शेतात असा सहा फुटी पाहुणा उतरला तर आम्ही काय म्हटलं असतं, याचा विचार मी अजून करतोय.

आता पुडीची गोष्ट.

तौलिहवाहून जगदीशपूरच्या तलावाकडं निघालो होतो. तिलौराकोट, म्हणजे सिद्धार्थाची जुनी कपिलवस्तू मानतात ती जागा, बघून झालं होतं. सिद्धार्थानं बाण लागलेला हंस वाचवला ती शाळेतली गोष्ट तिथल्या विटांच्या पायांवर उभं राहून मेहुण्यानं मला परत सांगितली, ते राहू दे. पुढं दोन मैलांवर डावं पेडल धप-धप करायला लागलं. कॉटर पिन, म्हणजे पेडलचा क्रँक आसाला घट्ट धरणारी खीळ, झिजून ढिली. तुम्ही म्हणाला होता तस्सं. धुक्यात रस्त्याकडेला पत्र्याखाली एक मिस्त्री शेकोटी करून बसलेला, आपल्या वयाच्या निम्म्या हवेच्या पंपाला टेकून. मी पिशवीतून तुम्ही दिलेली पुडी काढली, तेलकट वर्तमानपत्राची. आत दोन पिना, नटा, दोन वालट्यूब, आणि निळ्या पेन्सिलीनं तुमचं अक्षर: "डावी उजवी उलटसुलट. लाकडावर ठोक, लोखंडावर नको."

त्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचला! अक्षर अक्षर लावून. लिपी तीच ना. "लाकडावर ठोक," तो हसला, त्याला कळलं, आणि उठून जळणातला एक ओंडका घेऊन आला. "नको" तेवढं अडलं. मी म्हटलं, "मना है." त्यानं मान डोलावली, जणू आपल्या उस्तादानंही हेच सांगितलं होतं. आमच्याकडं दुकानाची पाटी कुठल्या लिपीत, त्यावरून माणसं रस्त्यावर येतात. आणि शहापुरात बसून अर्ध्या गिऱ्हाइकांशी कानडीत बोलणाऱ्या तुमची मराठी चिठ्ठी कपिलवस्तूत अवधी भाषा बोलणारा एक माणूस वाचत होता. असो.

पिन बसवून झाल्यावर त्यानं मागचं चाक उचलून फिरवलं. रिम रबरासमोर एक डोळा मिटून बघितली, अगदी तुमच्यासारखी. मग विचारलं, "ये चक्का किसने बाँधा है?" मी म्हटलं, आमच्या गावचे मामा. त्यानं शेजारच्या चहावाल्याला हाक मारून आणलं आणि परत फिरवून दाखवलं. पन्नास नेपाळी रुपये घेतले. उरलेली पिन मी त्याला देऊ केली, ती नको म्हणाला. कागद मात्र मागून घेतला. तुमचं अक्षर आता तिथं पत्र्याला खिळ्यानं लावलेलं आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

जगदीशपूरचा तलाव म्हणजे आपला धुपदाळ, पण कमळांनी भरलेला. कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी शेकड्यांनी. मेहुण्यानं तिथंच "विठ्ठल विठ्ठल" केलं. कमळपक्षी पानांवरून चालत होते, जांभळ्या पाणकोंबड्या देठ पायात धरून खात होत्या. तिथून पुढं बसच्या टपावर सायकली टाकून पिठौलीला गेलो. रस्त्याचं काम चालू होतं, त्या धुळीबद्दल काही न बोललेलं बरं. पिठौलीला गिधाडांसाठी 2006 पासून 'जटायू रेस्टॉरंट' चालवतात. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांचं मूत्रपिंड बंद पडतं, म्हणून तिथं म्हाताऱ्या गायी औषधाविना सांभाळतात आणि मेल्यावर गिधाडांना घालतात. बाबा सांगायचे, ढोर फाट्यावर टाकलं की तासात गिधाडं. मी येळ्ळूरला एकही बघितलेलं नाही. तिथं चौदा मोजली.

एक गोष्ट मात्र तुमची चुकली, मामा. सीट. "स्प्रिंगची आहे, पलंगासारखी," म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंही चहा उभ्यानंच पीत होतो.

परत आल्यावर दुकानात सायकल लावली. तुम्ही मला काही न विचारता आधी खाली वाकलात, डाव्या क्रँकवर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "पिन बदललीस. ठोकलीय चांगली." मग उठताना, "आणि तुझा तो बगळा, दिसला काय?"

दिसला, मामा. तो बगळा नाही हे मी परत सांगणार नाही.

मजुरीचा आकडा या खेपेला सांगाच. सोमवारी बाबांची सायकल घेऊन येतो, मागच्या ब्रेकची रबरं संपलीत. करदंट अर्धा किलो आणतोय. नातीला सगळा देऊ नका.

तुमचा,
येळ्ळूरच्या दूधवाल्याचा मुलगा