उपवनची टिबुकली

ठाणे (प.)

प्रिय मीने,

स. न. वि. वि. म्हणत नाही, तुला चालायचंही नाही. परवा फोनवर तू खिदळलीस, "ठाण्यात पक्षी? तलावपाळीची भेळ सोडून तू काय बघणार!" म्हणून हे पत्र.

तलावपाळी राहू दे. मी जाते ते उपवन तलावाला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात डोंगरावरचे ओढे इथेच उतरतात. मागचं जंगल म्हणजे १०० चौरस किलोमीटरहून मोठ्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. झाडी आहे तिथून पाणी पाझरत, निवळत येतं. उतार उघडा पडला की लाल गाळ घेऊन. म्हणजे तलावाची तब्येत बघायची तर आधी डोंगर बघावा.

सगळ्यात लाडकी टिबुकली. मुठीत मावेलशी वाटते, पण पोहण्यात पटाईत. डुबकी मारली की आपण इथे बघत बसतो आणि बाई निघतात भलतीकडेच! घरटं पाण्यावर, कुजक्या पानांचं, वेलींना अडकवलेलं. उठून जायची वेळ आली की अंड्यांवर ओला पाला ओढते, मगच जाते. त्यानेच पांढरी अंडी हळूहळू मातकट होतात. पट्टेरी डोक्याची पिल्लं आईबाबांच्या पाठीवर बसून फिरतात, पिसांतून नुसती चोच बाहेर.

ढोकरी, म्हणजे तो मातकट छोटा बगळा, तर चिखलात बसली की समोर असून दिसत नाही. उडाली की पंख पांढरेशुभ्र!

आता माझी कुरकुर. सुशोभीकरण म्हणजे सरळ उभी भिंत, असं कुणी ठरवलं गं? फेरफटक्याला कठडा बरा, कबूल. पण ढोकरीला घोटाभर पाणी लागतं, चतुराच्या अळीला वर चढायला लव्हाळ्याची काडी लागते. थोडा काठ चिखलाचाच ठेवला तर काय बिघडतं? त्यात लोक पुण्य म्हणून पाव टाकतात. तो कुजतो, शेवाळ माजतं. रात्री शेवाळही पाण्यातला प्राणवायू ओढतं, आणि उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. बघणाऱ्याला वाटतं, अजून पाव मागताहेत. टाकतात!

दिवाळीनंतर ये. सकाळी सातच्या आत पोचायचं, नंतर नुसते मोबाईलवाले. तुझी दुर्बीण आण, माझीत बुरशी धरलीय. काकूंना नमस्कार.

तुझीच,
शुभा