रक्तात की भरतीच्या हुकमात?

मा. संपादक,
स. न.

सातारा जिल्ह्यातल्या सैनिकी गावांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘सैनिकी बाणा इथल्या रक्तातच आहे’ हे वाक्य दर कारगिल दिनाला कुठे ना कुठे छापून येतंच. मी हवालदाराची लेक आहे. ऐकायला बरं वाटतं, पण पटत नाही.

रक्ताचंच म्हणाल तर महारांचं काय? मुंबईच्या लष्करात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या या समाजाची भरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात ‘लढाऊ जातीं’चा, म्हणजे कुठली जात लढाऊ आणि कुठली नाही असा हिशेब मांडून बंद केली. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. मग थेट १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट. रक्त तेच होतं, हुकूम बदलत होता. आणि हुकमाबरोबर नुसती बंदूक जात नव्हती, शाळाही जात होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते, हे विसरू नये.

आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले. तिथल्या स्मारकाचा फोटो सगळेच छापतात. पण त्या घरांत पुढे काय झालं? आमच्या खटावकडचं रान कोरडवाहू. एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत, एक बैलांमागे, अशी वाटणी. सुट्टीवर आलेला मामा परत जाताना भाच्याला बेळगावच्या भरतीला घेऊन जाई. मनीऑर्डर आली की सोसायटीचं देणं फिटे. मोटेपासून मुलींच्या सोयरिकीपर्यंत सगळं आईनं एकटीनं पाहिलं. वडील पेन्शनवर आले आणि वर्षभर घरात खटके उडाले, कारण त्यांना सगळं वेळेवर आणि रांगेत हवं. ट्रंकेवर होता तसा नंबर त्यांनी पांढऱ्या रंगानं धान्याच्या कणगीवरही टाकला! गावात त्यांचं नाव आजही कोणी घेत नाही, ‘हवालदार’च म्हणतात.

हा मानववंशशास्त्राचा विषय नाही तर काय? इरावती कर्व्यांनी पुण्यात राहून देशभरची नातीगोती अभ्यासली. पलटणीनं जोडलेली नातीही कुणीतरी गावोगाव बसून नोंदवायला हवीत, आणि ती लवकर. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. मुदत चार वर्षांची, पुढे कायम होणार जास्तीत जास्त चौथा हिस्सा, बाकीच्यांना पेन्शन नाही. या गावांचं सगळं गणित पेन्शनवर उभं होतं. आता मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘पोरगं कायम होणार का?’

पुढच्या खेपेला वार्ताहर पाठवाल तेव्हा स्तंभाचा फोटो काढून झाल्यावर त्याला एखाद्या पेन्शनरच्या बायकोजवळ तासभर बसायला सांगा. आमच्याकडे आला तरी चालेल. आईला सगळं आठवतं.

– एका हवालदाराची लेक, ता. खटाव, जि. सातारा