पोकलेन परत जाण्याआधी खाणीचा काठ उतरता करा

महोदय,

पुण्याभोवती वाघोली, मोशीच्या पट्ट्यात खडीसाठी खणलेली खाण संपली की तिचे बहुधा दोनच शेवट होतात. एक तर राडारोडा टाकून ती बुजवतात, नाहीतर तारेचे कुंपण घालून ‘पोहण्यास मनाई’चा फलक लावतात. आता अशा खाणी पक्ष्यांसाठी राखा, अशी मागणी होऊ लागली आहे. मागणी योग्यच आहे. पण पाणी साचलेली खाण म्हणजे पाणथळ नव्हे. उभ्या कातळाच्या पंधरा मीटर खोल खड्ड्यात बगळ्याला पाय टेकायला जागा नसते आणि पाय घसरून पडलेल्या मुलाला वर येता येत नाही. दोघांची अडचण एकच, काठ.

काठाला उतार द्यायचे काम खाणपट्ट्याच्या शेवटच्या हंगामातच व्हायला हवे. तेव्हा पोकलेन आणि हायवा (मोठे टिपर) जागेवर असतात, वरून काढलेल्या मुरमाचे आणि मातीचे ढीग बाजूलाच पडलेले असतात. एकदा यंत्रे गेली आणि खड्डा भरला, की हेच काम कितीतरी महाग पडते.

पहिले काम पाण्याच्या खुणा. ऑक्टोबरमधली सर्वांत वरची आणि मे महिन्यातली सर्वांत खालची पातळी कातळावर रंगाने आखावी. फेब्रुवारी ते मे या काळात नुसत्या बाष्पीभवनाने पाणी पाऊण ते एक मीटर उतरते. कातळाला भेगा असल्या तर आणखी. उतार या दोन खुणांच्या टप्प्यात आणि त्याखाली थोडा हवा. सगळ्या बाजू उतरत्या करायची गरज नाही. खणताना कातळात सुटलेल्या सपाट पायऱ्यांपैकी ऑक्टोबरच्या खुणेखाली साधारण दोन मीटरवर असलेली एक निवडावी. शंभर मीटर लांबीच्या पायरीवर वीस मीटर रुंदीत, काठाला दोन मीटर आणि पुढे शून्यावर येणारा भराव केला, की दहास एक असा उतार मिळतो. त्याला २,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ७०० ब्रास मुरूम लागतो. पाच ब्रासच्या हायवाच्या १४० खेपा. पाणी एक मीटर उतरले, की या काठावर दहा मीटर रुंद ओला चिखल उघडा पडतो. तुतवार, शेकाटे, धोबी अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे ताट हेच. उभ्या कातळावर तेच पाणी उतरले तर फक्त पांढरी रेघ उमटते.

भराव मुरमाचाच हवा. काळी माती पाणी उतरताना भेगाळते आणि घसरून तळाशी जाते. क्रशरची डस्ट तर नकोच. ती घट्ट बसते, मुळे शिरत नाहीत आणि ढवळली की पाणी कित्येक दिवस गढूळ राहते. वर पंधरा सेंटिमीटर माती पुरे. जास्त दिली की गाजरगवत आणि शेवाळाची चंगळ होते.

बेट करायचे तर मे महिन्याच्या खुणेवर हिशोब करावा. ऑक्टोबरमध्ये झकास दिसणारे बेट मार्चअखेर काठाला जोडले जाते आणि टिटवीची अंडी कुत्री चालत जाऊन खातात. भर उन्हाळ्यातही भोवती दहा मीटर रुंद, एक मीटर खोल पाणी उरले पाहिजे. माथा ऑक्टोबरच्या खुणेपेक्षा हातभर उंच आणि त्यावर खडी, गवत नव्हे.

पाणकणीस लावू नये, ते वाऱ्याने आपोआप येते. मीटरभर खोलीपर्यंत ते सगळे व्यापते. म्हणून भरावापुढचे पाणी खोलच सोडावे. एक उभी भिंत घुबडांसाठी आणि पाकोळ्यांसाठी तशीच ठेवावी, तिच्या माथ्यावर मोठ्या दगडांचा बांध घालावा. उतरत्या काठावर मात्र वृक्षारोपणाचा सोहळा नको. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना चहूकडे मोकळे दिसावे लागते. पाचशे गुलमोहर लावले तर फोटो चांगला येईल, तुतवार येणार नाही.

एवढे करूनही तीन गोष्टी काम बिघडवतात. सांडपाण्याचा एखादा ओढा आत वळला की जलपर्णी पाणी झाकून टाकते. चिलापी किंवा थाई मांगूर हा परदेशी मासा सोडला की बेडूकमासे आणि देशी मासे उरत नाहीत. आणि बांधकामाचे टँकर पाणी उपसू लागले की मे महिन्याची खूण फेब्रुवारीतच गाठली जाते.

उथळपणाचे मोल नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला दिसते. गोदावरी-कादवा संगमावरचा तो बंधारा गाळाने भरत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशोबात ती तूट, पण त्याच गाळावर बदके जमली आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या नीडिंगवर्थ येथे वाळू-खडीची खाण चालू असतानाच संपलेला भाग टप्प्याटप्प्याने पक्षीसंवर्धन संस्थेकडे दिला जातो. एकूण आराखडा ७०० हेक्टरचा. तिथे नदीकाठचा गाळथर आणि वर आलेले भूजल आहे, आपल्याकडे काळा कातळ आणि चार महिन्यांचा पाऊस. त्यामुळे उतार, झाडे यांची नक्कल नको. घ्यायचा तो हस्तांतराचा क्रम.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील आदेशाने पाच हेक्टरखालच्या गौण खनिजांच्या (खडी, मुरूम, वाळू वगैरे) खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. जिल्हाधिकाऱ्यांनी खाण बंद करण्याच्या आराखड्यात दोन्ही पातळ्यांच्या खुणा, उताराचे प्रमाण आणि टँकरबंदी ही कलमे घालावीत. पर्यावरणाच्या कामासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणधारकांकडून जमा होणारा, निधी वापरता येतो. अंतिम पाहणी ऑक्टोबरमध्ये नको, मे महिन्यात व्हावी. पाहणी अधिकाऱ्याने गमबूट घालून उतरत्या काठावरून पाच मीटर आत चालत जावे. पाणी गुडघ्याच्या वर गेले, तर खाणधारकाची अनामत रक्कम परत करू नये.

– पाणथळींचे काही अभ्यासक, पुणे