उष्णतेच्या आराखड्यात तरुणांनाही स्थान हवे

महोदय,

अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्णतेच्या लाटेत नागरिकांचा बचाव करण्यासाठी उष्णता कृती आराखडा लागू केला आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला; मात्र घरपोच सामान पोहोचवणारे, बांधकामावर राबणारे जे तरुण भर दुपारी उन्हात असतात, ते अशा आराखड्यांच्या बैठकांत अभावानेच दिसतात. वृक्षारोपण आणि प्रभातफेरीच्या वेळी मात्र त्यांची आठवण हमखास होते. पाणपोई कुठे असावी, काम दुपारी किती वाजता थांबावे, हे त्यांच्याइतके नेमके कोण सांगणार? महापालिकांनी उन्हाळ्यापूर्वी आराखड्याचा फेरआढावा घेताना या तरुणांना आणि परिचर्या (नर्सिंग) अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना समितीवर मताधिकारासह घ्यावे. केवळ सूचना मागवून त्या फायलीत ठेवू नयेत.

– एक वाचक, नागपूर