राजीनामा लिहून देऊ नकोस

भोसरी, पुणे

प्रिय मृणाल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, ऑफिसातले ८० जण जाणार, पण स्वतःहून राजीनामा दिला तर रेकॉर्ड चांगलं राहील असं एचआरवाले सांगतायत. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. हेच मी १९९६ साली ऐकलंय. कँटीनच्या टेबलावर छापील अर्जांचा गठ्ठा, त्यावर 'वैयक्तिक कारणास्तव', आणि खाली सहीपुरती रिकामी ओळ. तेव्हा शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कपात करायची तर तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची परवानगी लागायची. पण सगळेच 'स्वखुशीने' गेले, तर कागदावर कपात झालीच नाही! मी सही केली. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. ही मेख मला कळली ती पुढे वकीलसाहेबांकडे कारकुनी करताना.

तिकडचा कायदा मी काल रात्री वाचून काढला. अमेरिकेचा १९८८चा कायदा सामूहिक कपातीआधी ६० दिवसांची लेखी नोटीस मागतो. तुझ्या न्यू जर्सी राज्याचा त्याहून कडक आहे. १०० किंवा जास्त माणसांची कंपनी तिथल्या ५० किंवा जास्त जणांना काढणार असेल, तर १० एप्रिल २०२३ पासून ९० दिवसांची नोटीस, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार. तुझी सहा वर्षं झाली, म्हणजे सहा आठवडे. नोटीस कमी दिवसांची दिली तर आणखी चार. आणि हा हक्क सोडल्याचं तुझ्याकडून लिहून घेतलं, तरी तिथल्या श्रम आयुक्तांची किंवा कोर्टाची मंजुरी नसेल तर ते चालत नाही. पण हे सगळं काढलेल्या माणसासाठी आहे. आपणहून गेलेल्याला यातलं काही मिळत नाही.

आता तुझ्या व्हिसाचं. एच-वन-बीवाल्याला, म्हणजे तुझ्यासारख्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला, नोकरी संपल्यावर तिथे राहून नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ते नोटिशीचे दिवस नव्हेत, दोन्ही वेगळे. साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळतो, तिथून पुढे ते मोजतात. म्हणून नोटिशीचे पैसे एकरकमी घ्या आणि आजच मोकळे व्हा, असं म्हणाले तर हुरळू नकोस. रक्कम तीच दिसेल, पण नवी नोकरी शोधायचे दिवस हातचे जातील. 'पगारपत्रकावर माझं नाव कोणत्या तारखेपर्यंत राहील?' एवढं ईमेलवर विचार आणि उत्तरही लेखीच घे. मग तिथल्या व्हिसाच्या वकिलाला दाखव. त्याच्या फीचा विचार करू नकोस, ती मी पाठवतो.

जॉइनिंगचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा आजच काढून घरी ठेव. ऑफिसचा लॅपटॉप कधी बंद करतील सांगता येत नाही.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. कागद हातात पडला की सही करण्याआधी मला फोन कर. इथे रात्रीचे कितीही वाजले असू देत.

तुझा,
बाबा