आधी तालिका, मग दर्शनी भाग : उच्च व तंत्रशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांच्या आधुनिकीकरणात ग्रंथतालिकेला (पुस्तके शोधण्याच्या सूचीला) अग्रक्रम देण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. ज्या मुलखात 1828 साली रत्नागिरीचे नगर वाचनालय सुरू झाले, त्याच कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या शासनमान्य वाचनालयाची मी गेली 31 वर्षे सभासद आहे. आमच्या वाचनालयाचे नुकतेच नूतनीकरण झाले. गळके छप्पर बदलले आणि पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधला, त्यामुळे गुडघ्यांनी थकलेली ज्येष्ठ मंडळी पुन्हा वर्तमानपत्रे वाचायला येऊ लागली. ज्यांनी दारोदार फिरून यासाठी वर्गणी जमवली, त्यांचे ऋण मान्य करूनच मी पुढचे लिहीत आहे.

नूतनीकरणाबरोबर संकेतस्थळ झाले आणि त्यावर ऑनलाइन तालिकाही आली. पहिल्याच दिवशी मी मोबाइलवर विषयाच्या रकान्यात ‘कादंबऱ्या’ असे लिहिले, तर एकही नोंद सापडत नसल्याचे उत्तर आले. प्रत्यक्षात समोरच्या कपाटांत कादंबऱ्यांच्या चार रांगा दिसत होत्या. ग्रंथपालबाईंनी त्यांच्या संगणकावर तोच शब्द टंकला आणि यादी उलगडली. डोळ्यांना दोन्ही शब्दांत काहीच फरक दिसत नव्हता. पुढे कारण कळले, ते असे : ‘ऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रमाणित अक्षर-संकेतांत, दोन प्रकारे लिहिला जातो, एकदा खाली टिंब असलेल्या ‘ऱ’पासून आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. आपल्याला अक्षर एकच दिसते, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. ही अडचण मराठीची आहे. ती मराठी राज्याच्या शासनाने सोडवली नाही, तर दुसरे कोणी कशाला सोडवील?

अशा अडचणी आणखीही आहेत. 1962च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नांव’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आहेत आणि आजचा वाचक ती तशी लिहीत नाही. कुसुमाग्रजांच्या कविता एका नावाखाली आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या दुसऱ्या नावाखाली नोंदलेली असतात. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी यांचेही तेच. आमच्या जुन्या लेखनिकांना हे सारे तोंडपाठ होते, नुसते लेखकाचे नाव काढले की ते उठून नेमक्या फळीपाशी जात. ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर ती तालिकाही गेली.

म्हणून माझी विनंती अशी की, ग्रंथालय संचालनालयाने लेखकांची मूळ नावे, टोपणनावे आणि लेखनाची पर्यायी रूपे एकमेकांशी जोडणारी एकच प्रमाणित सूची तयार करून ती सर्व ग्रंथालयांना विनामूल्य द्यावी. प्रत्येक वाचनालयाने हे काम स्वतंत्रपणे करणे म्हणजे तेच पीठ पुन्हा पुन्हा दळणे आहे. आज्ञावलीचा (सॉफ्टवेअरचा) खर्च हा खरा अडसर नाही, कारण 2000 सालापासून वापरात असलेली कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली आहे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणालीही आहे. अडसर आहे तो जाणत्या हातांच्या कमतरतेचा. तालिकेच्या नोंदी करणाऱ्यांचे मानधन अनुदानाच्या अटींत वेगळे दाखवले जावे. आज बहुतेक ठिकाणी हे काम नगावर मोबदला ठरवून बाहेर दिले जाते आणि दिवसाला किती नोंदी झाल्या एवढेच मोजले जाते.

दुसरी गोष्ट मालकीची. माझ्या माहितीतल्या एका वाचनालयाने सारी माहिती ज्या व्यावसायिकाकडे सोपवली होती, त्याने काम बंद केल्यावर जुन्या फाँटात टंकलेल्या हजारो नोंदी कोणालाच वाचता येईनाशा झाल्या आणि दाखल नोंदवहीवरून सगळे पुन्हा लिहावे लागले. नोंदी युनिकोडमध्ये आणि मार्क 21 या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित रचनेत असाव्यात, आणि त्यांची पूर्ण प्रत वाचनालयाच्या ताब्यात असावी, हे शासनाने करारातच बंधनकारक करावे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 यानुसार शासन अनुदान देते, त्यामुळे तपासणीही होते. त्या तपासणीत एक साधी भर घालावी. तपासणी अधिकाऱ्यांनी कपाटातून कोणतीही दहा पुस्तके काढावीत आणि वाचनालयाबाहेरच्या एखाद्या सभासदाला त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर ती शोधायला सांगावे. जी सापडणार नाहीत, त्यांची कारणे अहवालात लिहावीत.

आमच्या ग्रंथपालबाई सध्या संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर तासभर थांबून ‘ऱ’च्या नोंदी एकेक करून दुरुस्त करीत आहेत. त्यांच्या कपाटांचा ‘क’ अजून पुरा झालेला नाही.

आपली विश्वासू,
एक सभासद वाचक