सेकंदाची कड दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचे आभार खासगीत मानून झाले, पण तेवढ्यावर भागवावंसं वाटलं नाही. तुम्ही जे समजावलंत ते संगणकाचं घड्याळ उपग्रहावरून लावणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

अडचण अशी होती. इंटरनेट नसलेल्या जागी कंपनांच्या नोंदी घेणारे आमचे संगणक, आणि प्रत्येकाला स्वतःचा जीपीएस रिसीव्हर. नोंदी शेजारी ठेवून अर्थ लावायचा तर सगळी घड्याळं मिलिसेकंदाच्या आत जुळायला हवीत. एकाच्या नोंदी मात्र इतरांशी काही केल्या जुळेनात. घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्रॅम उघडून पाहावा तर फरक जेमतेम काही मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सगळं आलबेल. अँटेना बदलून पाहिली, रिसीव्हर बदलून पाहिला. ते घड्याळ ताकास तूर लागू देईना.

रिसीव्हर दर सेकंदाच्या सुरुवातीला विजेचा एक ठोका देतो; ती पल्स, म्हणजेच पीपीएस. तुम्ही विचारलंत, "पल्स किती रुंद आहे?" 100 मिलिसेकंद. "आणि घड्याळ किती मागे आहे?" तेवढंच!

उत्तर तिथेच सांगून तुम्ही मोकळ्या होऊ शकला असतात. त्याऐवजी ते माझं मला दिसेपर्यंत थांबलात, याचं मोल मला फार वाटतं. दोन रिसीव्हरच्या पल्स एकाच ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) लावायला सांगितल्यात. दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसल्या, म्हणजे रिसीव्हर निर्दोष. मग ऑसिलोस्कोपची तार (प्रोब) संगणकाच्या सीरियल पोर्टच्या डीसीडी पिनवर, म्हणजे पल्स जिथून संगणकात शिरते तिथे. तिथे एका संगणकावर सेकंद सुरू होताना रेघ वर चढत होती, दुसऱ्यावर खाली उतरत होती. या दुसऱ्याच्या जोडणीत सिग्नलचं व्होल्टेज सीरियल पोर्टच्या आरएस-232 या मानकाच्या पातळीला नेणारी चिप होती, आणि अशी चिप सिग्नल उलटा करते. त्यामुळे पल्स जिथे संपते तिथे सेकंद सुरू झाला असं संगणक धरून चालला होता. इलाज काय, तर क्रोनीच्या सेटिंगमध्ये पीपीएसच्या नावापुढे 'क्लिअर' हा एक शब्द, म्हणजे दुसरी कड धरायची सूचना.

क्रोनीचा यात काहीच दोष नव्हता. तो जो फरक दाखवतो तो त्याच पल्सच्या तुलनेत; पल्सच चुकीच्या कडेवर, म्हणजे सुरुवातीऐवजी शेवटी, वाचली जात असेल तर त्याला ते कळणार कुठून? बाहेरचं दुसरं घड्याळ शेजारी आणल्याशिवाय असा दोष उघड होत नाही. आता कुठलंही नवं यंत्र बसवलं की आम्ही खुंटा हलवून बळकट करतो, म्हणजे त्याची पल्स दुसऱ्या यंत्राच्या पल्सशी ताडून पाहतो.

त्याच ओघात तुम्ही जर्मनीच्या डीसीएफ 77 या वेळ सांगणाऱ्या रेडिओ सिग्नलचं उदाहरण दिलंत, आणि माझ्या डोक्यातला गोंधळ खरा मिटला तो त्याने. 77.5 किलोहर्ट्झचा तो रेडिओ सिग्नल दर सेकंदाला क्षणभर क्षीण होतो. 0.1 सेकंद क्षीण राहिला तर शून्य, 0.2 सेकंद राहिला तर एक. असे अंक जुळवत मिनिटभरात वेळ आणि तारीख वाचून होते. मिनिटाचा शेवटचा सेकंद कोरा सोडतात, त्यावरून नव्या मिनिटाची चाहूल लागते. सेकंद सुरू होतो तो सिग्नल क्षीण होण्याच्या क्षणी. तो किती वेळ क्षीण राहिला, ही झाली माहिती. जीपीएस रिसीव्हरमध्ये हीच दोन कामं दोन तारा करतात. 9600 बॉडच्या (सेकंदाला 9600 बिट नेणाऱ्या) सीरियल तारेवर एक अक्षर जायलाच सुमारे एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे एनएमईएचं वाक्य, म्हणजे रिसीव्हरने मजकुरात पाठवलेली वेळ, उशिरा आणि कमीजास्त वेळाने पोचतं. हा सेकंद कोणता, एवढंच त्यावरून घ्यायचं. तो नेमका कधी सुरू झाला, हे पीपीएसला विचारायचं.

18 सेकंदांबद्दलचा तुमचा इशाराही पुढे कामी आला. जीपीएसची वेळ 6 जानेवारी 1980 पासून लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद) न घेता चालते आणि 2017 च्या सुरुवातीपासून यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या 18 सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहच कळवतात, पण त्यांचा पूर्ण संदेश एकदा फिरून यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर नुकताच चालू केलेला रिसीव्हर आपल्या आठवणीतला जुना आकडा वापरू शकतो. आमचे संगणक आता तेवढा वेळ थांबून मगच नोंदी सुरू करतात.

आणि अँटेनाच्या 30 मीटर केबलची माझी काळजी! केबलमध्ये मीटरमागे साधारण 5 नॅनोसेकंद, म्हणजे एकूण 150, एवढाच हिशेब मांडून तुम्ही तो विषय मिटवलात. संगणकाला पल्सची दखल घ्यायलाच मायक्रोसेकंद लागतात, तिथे त्या दीडशेची काय कथा. कुठे जीव ओतायचा आणि कुठे सोडून द्यायचं, हे असं सांगणारं माणूस मिळायला भाग्य लागतं.

एक विनंती आहे. रिसीव्हर, चिप आणि डीसीडी पिन या तिन्ही ठिकाणी पल्स कशी दिसते याची जी आकृती तुम्ही हाताने काढून पाठवलीत, ती आमच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत छापायची परवानगी द्याल का? खाली नाव घालायचं की नाही, तेही कळवावं.

आपला कृतज्ञ,
कंपनांच्या नोंदी जुळवणारा